माझ्या नंबरावरची चाळीस पुस्तकं

दोन हजार दोन साल, मी चौसष्ट वर्षांचा. आमच्या वाचनालयातल्या बाई पुस्तक देताना आधी ते तळहातावर दोनदा आपटायच्या आणि विचारायच्या, "नेणार की नुसतं चाळणार?" मला राग यायचा. मी तिसरी शिकलेला, सांडोर गावचा केळीबागायतवाला. पण नेलेली रहस्यकथा पुरी वाचूनच परत आणायचो.

तुम्ही म्हणाल, बागायतवाल्याला वाचनालय कशाला? अहो, तिथली कपाटं माझ्या बापाने दिलेल्या फणसाच्या फळ्यांची. गावातल्या चौघांनी घरातली पुस्तकं आणून ते उभं केलं. वैद्यकीचे जाड ग्रंथ, कीर्तनाच्या पोथ्या, मासिकांचे बांधीव अंक, एक तर नुसतं विहिरींवरचं. वर्गणीदार कादंबऱ्या न्यायचे. ही जुनी पुस्तकं बाई एकट्या पुसायच्या.

मग नवी कमिटी आली. एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीत गाळा घेतला, जागा निम्मी. ठरलं काय, तर पाच वर्षांत जे कोणी नेलं नाही ते रद्दीत. पुस्तकामागच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का असतो, तोच पुरावा.

एका शनिवारी कार्यवाहाने मला टेबलापाशी बोलावलं. चाळिशीचा माणूस, चष्मा डोक्यावर. समोर जाड पुस्तकांचा ढीग. प्रत्येक चिठ्ठीवर ताजा शिक्का आणि माझा सभासद नंबर.

"काका, ही चाळीस पुस्तकं तुम्ही वाचलीत?"

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही. माझं डोकं फिरलं, पण पाच-सहा माणसं बघत होती.

"वाचली. तुमचं म्हणणं काय?"

"मग या विहिरींच्या पुस्तकात काय आहे?"

"पाणी."

सगळे हसले. त्याने वैद्यकीचा ग्रंथ उघडून पुढे सरकवला. "एक ओळ वाचा बघू." नुसती जोडाक्षरं. मी पहिल्याच शब्दाला अडलो. पुन्हा हसले.

बाई उठल्या. "त्यांना काही माहीत नाही. शिक्के मी मारले."

त्याच दिवशी त्यांना काढलं. बावीस वर्षांची नोकरी.

बाहेर मी त्यांच्यावर ओरडलो. "माझाच नंबर सापडला?"

"भाऊ, विचारल्यावर बाकीचे लगेच 'नाही वाचली' म्हणाले असते. तुम्ही चारचौघांत माघार घेत नाही."

"मग तोंड कशाला उघडलंत? वाचलं असतं मी एकेक अक्षर जुळवून."

"ते हसत होते तुम्हाला," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी घेऊन चालू लागल्या. त्या दारात पुन्हा आल्या नाहीत.

माझा राग अजून गेलेला नाही. कमिटीवर आहे, हसणाऱ्यांवर आहे, बाईंवर सगळ्यात जास्त. माझी लाज राखायला चाळीस पुस्तकं रद्दीला सोडून दिली. मला विचारलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडताच कार्ड टेबलावर ठेवलं आणि काल अडलो होतो तोच ग्रंथ मागितला. "शिक्का मारा. आजचा." कार्यवाहाला मारावा लागला. मग पायरीवर बसलो, ओळीखाली बोट धरलं आणि मोठ्याने वाचायला लागलो.

"काका, मनात वाचा," तो आतून म्हणाला.

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.