माटोळीखाली पडला तो

माटोळी बांधताना तो स्टुलावरून खाली पडला आणि डोळे उघडेना. चवथीचा आदला दिवस. गणपतीवर टांगायच्या त्या चौकटीची रानफळं घरभर पसरली. मी मनगट धरलं, तर नाडी फार सावकाश लागत होती. त्याची बायको रडू लागली.

"रडणं मागाहून गो, आधी गाडी बोलाव," मी म्हटलं.

हा मुळगावचा आमचा शेजारी. विसरायला लागला तेव्हा स्वतःहून नव्या औषधाच्या चाचणीत शिरला. डोक्यातलं एक विकर आठवणीला लागणारा रस तोडतं, गोळी त्या विकराला अडवते, असं तो सगळ्यांना सांगायचा. "गोळी कुणाची खरी, कुणाची खोटी, बिनऔषधाची, डॉक्टरलाही ठाऊक नाही गो वैनी!" हे सांगताना त्याला भारी मजा यायची. बोलताना तो वस्तूला बोट लावून नाव घेई. कप, बशी, वैनी. मला बोट लावलेलं आवडत नसे.

त्यांच्याकडे माटोळी घरातल्या मोठ्यानेच बांधायची. म्हणून चक्कर येत असताना हा वर चढला.

इस्पितळात शुद्धीवर आला. डॉक्टरने चाचणीवाल्यांना गोळी खरी की खोटी ते विचारून घेतलं आणि सांगितलं, "गोळीनेच हृदय मंद झालं. आजपासून बंद."

मला वाटलं, आता हा खचणार. तो हसला. "म्हणजे माझी गोळी खरी होती गो!"

"मरत होतास आणि हसतोस?" बायको ओरडली.

"माझ्यावरून त्यांना समजलं ना? पुढच्याला बेताने देतील."

उरलेली माटोळी त्याच्या बायकोने आणि मी बांधली. गोळी सुटली, विसर वाढतोय. जेवतो पोटभर, झोपतो शांत. पण त्या दिवशी तो वाचला.