पोटात गेलेला सेल

हे बघा, आधीच सांगतो. या गोष्टीत मूर्ख एकच आहे आणि तो चहा ढवळत तुमच्यासमोर बसलाय. त्यामुळे "मग तुम्ही तेव्हाच नीट का नाही बघितलं?" असं मध्येच कुणी विचारायचं नाही. मंजिरी, तूसुद्धा नाही!

तेव्हा आम्ही सिंगापूरला. पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, मिळून चार वर्षं झालेली, सेरंगूनला फ्लॅट, आणि रॅफल्स प्लेसला एका बँकेत माझी नोकरी. माझा डावा कान लहानपणीच गोवरात गेला. त्याचं काही नाही, एका कानावर मी पन्नाशी गाठली. पण पन्नाशी गाठली आणि उजव्यानंही काढता पाय घ्यायला सुरुवात केली! शेवटी मुकाट्यानं कानामागे बसणारं यंत्र घेतलं.

पण ऑफिसात सांगणार? छे! बँकेत दोन विभागांचा एक विभाग करायचं चाललं होतं. म्हणजे निम्मी माणसं घरी. त्यात हा माणूस बहिरा आहे असं कळलं तर पहिला नारळ कुणाला मिळेल, सांगा बरं! म्हणून मी यंत्र झाकायला कानावर केस वाढवले. मंजिरी म्हणाली, "अहो, तबलजी दिसताय." म्हटलं दिसू दे. नोकरी तर राहील!

यंत्राचे सेल आठवड्याला संपायचे. ते मसुराच्या डाळीपेक्षा जरा मोठे, चपटे, चकचकीत. दर आठवड्याला दुकानात जाऊन ते मागायचे म्हणजे ओळखीचं कुणीतरी बघणारच. मग मी पुन्हा पुन्हा चार्ज होणारे दोन सेल घेतले आणि त्यांचा छोटा चार्जर. पेपरमिंटच्या डबीएवढा, शर्टाच्या खिशात मावणारा. एक सेल कानात, एक डबीत. कानातला संपला की डबीतला कानात आणि कानातला डबीत. यात चुकण्यासारखं काय आहे? तुम्हीच सांगा!

तर त्या दिवशी तीन वाजता हाँगकाँगहून आलेल्या मोठ्या बाई आमच्या विभागातल्या एकेकाला भेटणार होत्या. कोण राहणार, कोण जाणार, ते त्या ठरवणार. मला सकाळपासून अन्न गोड लागत नव्हतं. दुपारी जेवायला मी मुद्दाम लांबच्या हॉकर सेंटरला, म्हणजे तिकडच्या खाऊगल्लीत, एकटाच गेलो. चार घास पोटात ढकलले, टेबलावर टिश्यू पसरला, त्यावर माझ्या जेवणानंतरच्या दोन गोळ्या काढून ठेवल्या. एक रक्तदाबाची, एक कसल्याशा जीवनसत्त्वाची. दोन्ही चिमुकल्या.

तेवढ्यात कानात पिप्, पिप्, पिप्! सेल संपत आल्याची खूण. ही फक्त मलाच ऐकू येते हं, बाहेर कुणाला नाही.

मी इकडे तिकडे बघितलं. वर्तमानपत्राच्या आडोशाला यंत्र काढलं, झाकण उघडलं, जुना सेल टिश्यूवर ठेवला. डबी काढायला खिशात हात घालतोय, तोच समोर चहावाल्या काकू उभ्या! त्यांचे ओठ हलतायत आणि मला अक्षर ऐकू येत नाहीये. मी हसून मान डोलावली. त्या पुन्हा काहीतरी बोलल्या. मी पुन्हा डोलावली. काकू गेल्या. घाईघाईनं सेल बसवला, यंत्र कानात सरकवलं. आवाज आला. हुश्श! मग काकूंनी तीन चहा आणून ठेवले. तीन! घोटभर चहाबरोबर टिश्यूवरच्या गोळ्या तोंडात टाकल्या, टिश्यूचा बोळा खिशात कोंबला आणि निघालो.

सव्वादोनला माझ्या टेबलाशी बसून घाम पुसायला तो टिश्यू काढला, तर त्यातून टप्पकन एक गोळी पडली.

मी तर दोन गिळल्या होत्या ना? मग ही कुठली? ही इथे आहे, तर मी गिळलं काय?

आणि एकदम डोळ्यांसमोर तो टिश्यू आला. दोन गोळ्या. आणि शेजारी... जुना सेल!

खिसे उलटे केले. सेल नाही. टिश्यू उलगडून उजेडात धरला. नाही. डबीतला ताजा सेल तर मी कानात घातला होता, त्यामुळे डबीत काही असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे जुना सेल पोटात! त्या सेलच्या पाकिटावर चेहऱ्यावर फुली मारलेल्या बाळाचं चित्र होतं. गिळू नका म्हणून. बाळांनासुद्धा कळतं हो!

माझ्या शेजारी सू लिन नावाची मुलगी बसायची. हुशार, चटपटीत. तिनं विचारलं, "अविनाश, काय झालं? चेहरा पांढरा पडलाय."

"काही नाही," म्हटलं. आणि तेवढ्यात...

पिप्, पिप्, पिप्!

आता सांगा. कानात सेल ताजा. नुकताच घातलेला. तो कसा वाजेल? मग वाजतंय कोण?

मी हळूच पोटाकडे बघितलं.

"सू लिन," मी कुजबुजलो, "तुला काही ऐकू येतंय?"

"नाही बा. काय?"

"माझ्या पोटातून. पिप्, पिप्."

ती दचकून खुर्चीसकट मागे सरकली. "पोटातून?"

आणि मग माझा बांध फुटला. इतके दिवस जिवापाड जपलेलं गुपित मी भर ऑफिसात उभं राहून ओरडून सांगितलं, "मी माझ्या कानाच्या यंत्राचा सेल गिळलाय!"

सगळ्या मजल्याच्या माना माझ्याकडे वळल्या. काचेच्या खोलीतल्या हाँगकाँगच्या बाईंनीसुद्धा मान वर केली. सू लिननं एका हातात स्वतःची पर्स आणि दुसऱ्या हातात माझा दंड पकडला. "चल, चल! नोव्हेनाला हॉस्पिटल आहे. टॅक्सीला रांग असते, एमआरटीनं लवकर पोचू!"

मेट्रोच्या गाडीत मी पोटावर हात दाबून उभा. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गरोदर बाईला द्यावी तशी उठून मला जागा दिली. मी मंजिरीला फोन लावला. "मंजिरी, घाबरू नकोस. मी सेल गिळलाय."

"काय गिळलंय?"

"सेल! तो आतून वाजतोय! मुलीच्या शिक्षणाचे कागद कपाटात डाव्या बाजूला आहेत!"

"अहो, आधी केळी खा!"

ऑर्चर्ड गेलं, न्यूटन गेलं. पिप्, पिप्. प्रत्येक पिप्‌ला माझ्या पोटात कळ येत होती. खरी कळ हं! सू लिन वाक्याला तिकडचं 'लाह'चं शेपूट लावत म्हणत होती, "शांत हो लाह, काही होत नाही." पण स्वतः मात्र माझ्या पोटापासून हातभर लांब उभी होती.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. सू लिननं सगळं सांगितलं. त्यांनी मला झोपवलं, पोट दाबलं आणि म्हणाल्या, "अंकल, घाबरू नका. आधी एक्स-रे..."

आणि जग बंद पडलं.

खरंच सांगतो. एकदम चिडीचूप. त्यांचे ओठ हलतायत, सू लिनचे हलतायत, आणि आवाज शून्य. कानात ताजा सेल असताना! मला वाटलं, झालं. पोटातलं विष रक्तात भिनलं, कानापर्यंत पोचलं. आता पुढचा नंबर डोळ्यांचा. मी डॉक्टरीणबाईंचा हात धरून म्हटलं, "माझे कान गेले!" ते मी किती मोठ्यांदा म्हटलं कोण जाणे, कारण पडद्यापलीकडून दोन नर्स धावत आल्या.

एक्स-रे निघाला. मंजिरी टॅक्सीनं पोचली. ओढणी उलटी, हाताला कणीक, आणि बगलेत डझनभर केळी. लहानपणी तिच्या भावानं नाणं गिळलं होतं, तेव्हा त्याला केळी चारली होती म्हणे. ती एक सोलून माझ्या तोंडात कोंबतेय आणि नर्स ते काढून घेतेय, असा आमचा मूकपट चालू होता.

मग डॉक्टरीणबाई आल्या. हातात कागद. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, "पोटात काही नाही. कानाचं यंत्र दाखवा."

मी काढून दिलं. त्यांनी झाकण उघडलं. आत सेल. तो त्यांनी तळहातावर घेतला. मग माझ्या खिशाकडे बोट केलं. मी डबी दिली. त्यांनी डबी उघडली.

आत सेल.

त्यांनी दोन्ही तळहात माझ्यासमोर धरले. एका हातावर एक, दुसऱ्यावर एक. शाळेतल्या बाई बेरीज शिकवतात ना, तसे. मी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. किती सेल होते माझ्याकडे? दोन. किती आहेत? दोन.

त्यांनी डबीतला सेल यंत्रात घातला आणि यंत्र माझ्या कानात बसवलं. पहिला आवाज आला तो मंजिरीच्या हसण्याचा. ती भिंतीला टेकून, डोळे पुसत हसत होती.

"अंकल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही जुनाच सेल उचलून परत कानात घातलात. झाकण जरा उघडून मिटलं की संपत आलेला सेलही थोडा वेळ चालतो. मग तो बिचारा सांगत होता, मी संपलो, मी संपलो."

"आणि मी गिळलं काय मग?"

"एक गोळी. दुसरी टिश्यूत राहिली."

त्यांनी मला जो कागद दिला तो अजून घरी आहे. त्यावर लिहिलंय: बाह्य वस्तू आढळली. जागा: उजवा कान. काढण्याची आवश्यकता नाही.

रात्रभर मला डोळा लागला नाही. पोटाचं भय गेलं होतं, आता नोकरीचं होतं. बहिरा तर होतोच, आता वेडाही ठरलो होतो. सकाळी ऑफिसात मान खाली घालून शिरलो. हाँगकाँगच्या बाईंनी लगेच बोलावलं. गेलो. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अविनाश, पोट कसं आहे?" मग कामाचं विचारलं. वीस मिनिटं बोललो. नोकरी राहिली!

बाहेर येऊन मी सू लिनला म्हटलं, "यांना कसं कळलं उजव्या बाजूला बसायचं?"

"मी सांगितलं."

"आणि तुला?"

"सगळ्यांनाच माहीत आहे लाह! दोन वर्षांपासून. तुला आवडत नाही म्हणून कुणी बोललं नाही. फक्त सगळ्यांनी ठरवलं, तू जवळपास असलास की मोठ्यांदा बोलायचं."

मी मटकन खुर्चीत बसलो. कारण ती दोन वर्षं मी रोज घरी जाऊन मंजिरीला सांगत होतो, "काय भांडकुदळ माणसं आहेत गं आमच्या ऑफिसात! साधं गुड मॉर्निंगसुद्धा अंगावर येऊन ओरडतात!"