प्रसाद बाधला तेव्हा

देवाचा प्रसाद कधी बाधत नाही, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. त्याच शिकवणीपायी मी एकदा माझ्या नवऱ्याचा जीव धोक्यात घातला. हे लिहिताना आजही मान खाली जाते, पण स्वतःचा मूर्खपणा झाकून देवाची कृपा सांगता येत नाही.

आमचे हे रत्नागिरीत वकिली करत. मुंबईत यांच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली, दीड महिना इस्पितळात गेला. आगबोटीचे हेलकावे सोसणार नाहीत, तेव्हा कोल्हापूरपर्यंत विमानाने जा आणि पुढे मोटारीने, असं डॉक्टरांनीच सुचवलं. निघताना बजावलं, "वर गेल्यावर पोटातला वारा फुगतो. सकाळी नुसती पातळ पेज द्या. गोड, तुपकट काही नको." मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं? हेदवीच्या गणपतीला मी नवस बोलले होते, हे हिंडूफिरू लागले की एकवीस मोदकांचा नैवेद्य दाखवीन. निघायच्या दिवशी मुंबईतल्या नणंदेच्या घरी पहाटे सोवळ्यात मोदक केले, नैवेद्य दाखवला आणि यांच्या ताटात चार वाढून वर तुपाची धार सोडली. हे डॉक्टरांचं नाव काढू लागले तर म्हटलं, "डॉक्टर काय गणपतीपेक्षा मोठे?" दीड महिना पेजेवर राहिलेल्या माणसाने पुढे वाद घातला नाही.

विमान वर चढलं तसं यांचं पोट नगाऱ्यासारखं ताणलं. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. टाके उसवतील या भीतीने दोन्ही हातांनी पोट धरून बसले होते. मी देवाचा धावा करत होते आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडतही होते. तुझाच प्रसाद ना, मग हे असं का? कोल्हापूरला उतरल्यावर जरा बरं वाटलं. इथल्या डॉक्टरांना दाखवू म्हटलं, तर हे म्हणाले, "आता घरीच चल." पण आंबा घाटाच्या वळणांनी पुन्हा कळा सुरू झाल्या. यांना ओकाऱ्या होऊ लागल्या, तांब्यातलं पाणी चुळा भरण्यातच संपलं. हातखंब्याला यांनी डोळे फिरवले, तेव्हा ड्रायव्हरने मोटार झाडाखाली घेतली.

तिथे रस्त्याच्या कामावर बाया खडी फोडत होत्या. त्यांतली एक म्हातारी उठून आली, लांबूनच यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पोटात वारा कोंडलाय गो बाय. मी ओवा घालून ऊन पानी देतंय. पन आमच्या हातचा पानी तुमाला चालंल काय?"

तिची जात विचारायची गरज नव्हती. आमच्या घरी अशा बाईची सावली पडली तरी स्नान करत. मी गप्प राहिले. किती वेळ कोण जाणे, पण त्या गप्प राहण्याची मला मोदकांपेक्षा जास्त लाज वाटते. मग हे कण्हले आणि मी म्हटलं, "चालेल. लवकर आण."

तिने तीन दगडांच्या चुलीवर ओवा टाकून पाणी उकळलं, चिमूटभर मीठ घातलं आणि सोसवेल इतकं निववून घोट घोट पाजायला लावलं. यांना डाव्या कुशीवर वळवून पाठ चोळत राहिली. तासाभराने मोठाल्या ढेकरा आल्या, पोट मऊ पडलं आणि हे शांत झोपले. मी ढसाढसा रडले. सकाळपासून ज्याला हाका मारत होते तो कुठे होता, हे मला कोणी समजावून सांगायची गरज राहिली नाही.

जागे झाल्यावर यांनी विचारलं, "पाणी कोणी दिलं?" मी खरं ते सांगितलं, आणि डॉक्टरांचं ऐकलं नाही म्हणून माफीही मागितली. हे हसून म्हणाले, "मोदक मात्र झकास झाले होते हो."

तेव्हा कुठे मला जाणवलं की माझाही घसा कोरडा पडला आहे. म्हातारीकडे पाणी मागितलं, तर ती संकोचून म्हणाली, "पेला उष्टा झालाय." मी तिच्यापुढे ओंजळ धरली. आजवर दाराशी आलेल्या अशा किती बायांच्या ओंजळीत मी लांबून, वरून पाणी ओतलं होतं. त्या दिवशी ओंजळ माझी होती आणि ती ओतत होती. पोटभर पाणी प्यायले आणि ओल्या हातांनीच तिला नमस्कार केला.