गयाबाईंच्या नावाची भगुणी

दिवाळं निघालं की माणसं तोंड लपवतात. आमच्या मामांनी मात्र ते असं काढलं, की जणू घरात कार्यच आहे. इतक्या मोकळेपणानं आणि एवढा पाहुणचार करून नादार झालेला माणूस अख्ख्या संभाजीनगरात दुसरा सापडायचा नाही, हे मी पैजेवर सांगतो. मामा म्हणजे माझ्या आईचे मानलेले भाऊ. घर मुकुंदवाडीत, धंदा आचाऱ्याचा. लग्नाचा स्वयंपाक करता करता त्यांनी स्वतःची भांडी, भट्ट्या, वाढपी असा मोठा बारदाना उभा केला होता.

मामांना खोटं बोलता येत नाही. हा सद्गुण वगैरे काही नाही, एखाद्याला गाता येत नाही तसंच आहे हे. एकदा पंगतीत वरपित्यानं वांग्याच्या भाजीचं तोंडभरून कौतुक केलं, तर मामा हात जोडून म्हणाले, "भाजी आज जमली न्हाई, पाव्हनं. तुम्हालाच भूक लई लागली व्हती." स्वतःची जुनी स्कूटर विकायला काढली तेव्हा गिऱ्हाइकाला म्हणाले, "ब्रेक लागतो. पर त्याला जरा अगुदर सांगावं लागतं." ती स्कूटर अर्थातच विकली गेली नाही आणि पुढं कित्येक वर्षं मामांच्याच दारात उभी राहिली. अशा माणसाचा धंदा चालला कसा, याचं मला कोडं होतं. मग एकदा त्यांच्या हातची बुंदी खाल्ली आणि ते सुटलं.

दुसरी तऱ्हा भांड्यांची. लोक भांड्यावर स्वतःचं नाव घालतात. मामांनी प्रत्येक भगुण्यावर, परातीवर, झाऱ्यावर नाव घातलं मामीचं: 'सौ. गयाबाई'. आत माणूस बसेल एवढाल्या डेगीवरसुद्धा तेच. कारण विचारलं तर म्हणायचे, "लग्नात भांड्यांची अदलाबदल लई व्हती. पर दुसऱ्याच्या बायकूचं नाव घिऊन कोन घरी जाईल? जाऊन सांगंल काय?" आणि खरोखरच त्यांचं साधं ओगराळंही कधी हरवलं नाही. मामी वरवर चिडायची, पण मांडवात गेली की भट्ट्यांकडं एक चक्कर मारून यायची.

पुढं मामांनी कर्ज काढून बायपासला लग्नाचं लॉन बांधलं. फाटकाचा रंग वाळतो न वाळतो तोच कोरोना आला आणि लग्नं घराच्या ओसरीत उरकू लागली. लॉन गेलं, तरी कर्ज राहिलंच. शेवटी मामांनी कोर्टात नादारीचा अर्ज केला. कायदा माणसाजवळ काय काय राहू देतो, हे वकिलानं समजावलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, घरच्या स्वयंपाकाची भांडी, बायकोचं मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं. मामा थक्क झाले. "सरकार लई समजदार हाय! गाद्या सोडतंय, म्हंजे मानसाला झोप लागंल याचा इचार केलाय."

मालमत्ता ताब्यात घ्यायला कोर्टानं नेमलेला अधिकारी आला, तो एक तरुण वकील. आदल्या दिवसापर्यंत पाहुणे 'हे हलवा, ते लपवा' म्हणून मामांचे कान खात होते. मामांनी अधिकाऱ्याला आधी पोहे दिले, मग स्वतःच घर दाखवायला निघाले. "साहेब, माळ्यावरचा कूलर तुमच्या नजरंतून सुटला. आन् चितेगावला साडूकडं जनरेटर हाय, मागवून घिऊ का?" साडू तिथंच उभे होते. त्यांनी कपाळाला हात लावला.

भांड्यांच्या खोलीत मात्र अधिकारी थबकला. एका भगुण्यावरचं नाव त्यानं वाचलं, दुसऱ्यावरचं वाचलं, आणि मामीकडं वळला. "ही भांडी तुमची आहेत का, मावशी? तुमच्या मालकीची असतील तर मला नेता येणार नाहीत."

भांडी राहिली तर येत्या लग्नसराईत धंदा पुन्हा उभा राहणार होता, गेली तर साठीच्या पुढं मामांना दुसऱ्याच्या भट्टीवर रोजानं उभं राहावं लागणार होतं. मामीनं नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मामा बोलले, "न्हाई साहेब. नाव तिचं, माल धंद्याचा. घिऊन जा."

मामी आत निघून गेली. अधिकारी भला होता. कारागिराची हत्यारं म्हणून एक मोठी कढई आणि झारे त्यानं बाजूला काढले, तर मामा त्याच्याशीच वाद घालू लागले, "ही उचलाया दोघं लागत्यात. येका कारागिराचं हत्यार कसं व्हईल?" शेवटी त्यांनी धाकटी कढई ठेवून घेतली. भरलेला टेंपो वळेपर्यंत ते हात जोडून उभे होते.

त्यानंतर मामीनं त्यांच्याशी बोलणंच सोडलं. ताट समोर ठेवायची आणि आत जायची. घरही गेलं होतं, तिथंच जवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. एका दुपारी मी गेलो, तेव्हा मामा धाकटी कढई घासत बसले होते. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लग्नात रोजानं जायचं होतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, त्या दिवशी नुसतं गप्प बसला असता तरी चाललं असतं."

कढईवरचा हात थांबला. "माझं नाव असतं तर बसलो बी असतो, भाचेबुवा. पर समद्या भांड्यांवर तिचं नाव व्हतं. तिच्या नावाखाली खोटं कसं ठिवू?"

म्हातारपणी त्यांना असं पुन्हा पहिल्यापासून सुरू करताना पाहून मला भरून आलं, आणि असा माणूस आपला आहे याचा अभिमानही वाटला. आत भाकरीची थाप थांबली होती. थोड्या वेळानं मामी पदरानं डोळे पुसत दारात आली. माझ्याकडं तिनं पाहिलंच नाही.

"ठिवा ती कढई, मी घासते," ती मामांना म्हणाली. "सकाळी किती वाजता निघायचं? म्या बी येते."