बदलीवाल्यांची पुस्तकं

कोलकात्यातल्या मराठी कुटुंबांची एक रीत आहे. बदली झाली की कुंड्या शेजारच्या बंगाली बाईंना आणि मराठी पुस्तकं आमच्याकडे. ट्रकमध्ये वजन नको ना! आम्ही सॉल्ट लेकमध्ये बरीच वर्षं टिकलो, हाच आमचा गुन्हा. बराकपूरहून एका लष्करी अधिकाऱ्याची बायको तर पिशव्या घेऊन ट्रेनने आली. "वहिनी, तुम्हाला वाचनाची आवड आहे म्हणून मुद्दाम आणली." नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही. कपाट भरलं, तेव्हा ढीग जेवणाच्या टेबलावर चढला.

मला खरं तर लिहायचं होतं. मराठीत सुरू केलेलं भांडण माझी मुलगी हिंदीत का संपवते, इथे घराबाहेर पडताना आपण आपलं काय काय घरात ठेवून जातो, यावर एक पुस्तक. नवरा आणि मुलगी बाहेर पडले की ढीग सरकवून टेबलाच्या कोपऱ्यावर बसायचे. चार ओळी व्हायच्या. मग जरा सूर सापडावा म्हणून ढिगातलं एखादं पुस्तक उघडायचे आणि मान वर करेपर्यंत मुलीच्या बसचा हॉर्न वाजायचा. पुस्तक चांगलं असलं की माझ्या चार ओळी भिकार वाटायच्या. वाईट असलं की वाटायचं, आता यात आपली भर कशाला! मी अगदी वैतागून जायचे. पुस्तकांवर, ती देणाऱ्यांवर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

"आधी ही वाचून तर संपव," नवरा म्हणायचा. संपणार कशी? कुणाची ना कुणाची बदली ठरलेलीच.

यंदा आमचीच झाली. सेक्टर फाइव्हमध्ये नोकरी करणारी एक पुण्याची मुलगी पुस्तकं न्यायला आली. मीही रीत मोडली नाही. शेवटची पिशवी उचलताना ती म्हणाली, "काकू, तुम्ही लिहिता असं मराठी मंडळात ऐकलं. तुमचं पुस्तक कुठल्या पिशवीत आहे? ते आधी वाचीन."

"नाहीये," मी म्हटलं.

ती गेल्यावर टेबलाकडे पाहिलं. ते पार रिकामं झालं होतं. हात पसरून बसता येईल एवढी जागा. मी खुर्ची ओढली, तेवढ्यात पॅकर्सची माणसं आत आली आणि म्हणाली, "दीदी, पहले टेबल दे दीजिए."