अनोखीबाईंची मेक्सिकन मिरची

शहाद्याच्या अनोखीबाईंना प्रश्न फार. वय अडुसष्ट, पण कुणी रस्त्यात खड्डा खणताना दिसला तरी थांबून ‘यात काय पुरताय?’ म्हणून विचारणारच. त्यांचे यजमान मांगीलाल, कापडाचे दुकानदार, अगदी उलट. सेहेचाळीस वर्षांत त्यांनी ताटाकडे बघून काही विचारलं नाही, कारण ताटात कायम तेच असायचं.

मग डॉक्टरांनी संध्याकाळची पोळी आणि भात बंद केला. महिनाभरात साखर उतरली नाही तर इन्सुलिन! मांगीलाल हट्टाला पेटले. पोळी नाही तर जेवण नाही. घर जैन, त्यामुळे दिवस मावळला की तोंडात घास नाही. दोन संध्याकाळी ते ताटावरून तसेच उठले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना दुकानात चक्कर आली. अनोखीबाई पुरत्या घाबरल्या. आज काहीही करून माणूस जेवलाच पाहिजे.

पुण्याहून नातीने, रिद्धीने, व्हिडिओ पाठवला होता. भरली शिमला मिरची, मेक्सिकन पद्धतीची, पोळी-भाताशिवायचं जेवण. अनोखीबाईंनी तो सहा वेळा पाहिला. खिम्याच्या जागी त्यांनी पनीर आणि शेंगदाण्याचा कूट घेतला, कांदा-लसणाच्या जागी हिंग आणि व्हिडिओतल्या परदेशी पाल्याच्या जागी ओवा.

“आजी, मग यात मेक्सिकोचं उरलं काय?” रिद्धीने फोनवर विचारलं.

“मिरची! ती मुळात तिकडचीच, असं तूच सांगितलंस ना?”

भांडी घासणाऱ्या दगूबाई थबकल्या. नंदुरबारला लाल मिरची वाळवण्यात त्यांचं बालपण गेलेलं. “मंग इतला दिन आम्ही पाहुणी मिरची वाळाडी ऱ्हायनूत काय?” त्या म्हणाल्या, आणि दोघी पोट धरून हसल्या.

सहा वाजता मांगीलाल पाटावर बसले. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून ते घरातही अहिराणीच बोलत. ताटात चार हिरव्यागार मिरच्या बघून म्हणाले, “आज आठम शे.”

अनोखीबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. अष्टमीला या घरात हिरवी भाजी शिजत नाही. लग्न झाल्यापासून एकदाही न चुकलेली तिथी त्या व्हिडिओच्या नादात साफ विसरल्या होत्या. मांगीलाल उठू लागले. खिडकीतलं ऊन समोरच्या गच्चीवर चढलं होतं, दिवस मावळायला थोडाच वेळ उरला होता.

“बसा!” त्या ओरडल्या. नवऱ्यावर असा आवाज त्यांनी कधी चढवला नव्हता. ते बसले.

मिरच्यांत न मावलेलं सारण कढईत उरलं होतं. त्यात भाजीचा कणही नव्हता. अनोखीबाईंनी मुगाचा पापड विस्तवावर धरला, गरम असतानाच वाटीवर दाबून द्रोण केला आणि त्यात सारण भरलं. बोटं भाजली, पण लक्ष कुणाचं? पहिला द्रोण मांगीलालांनी मुकाट्याने फोडला. दुसरा, तिसरा. चौथा त्यांनी स्वतःच मागितला. पोळीचं नावही निघालं नाही.

भरलेल्या मिरच्यांचा डबा दगूबाईंच्या पिशवीत गेला.

ऊन गच्चीवरून उतरलं तेव्हा मांगीलालांचं पाणीही पिऊन झालं होतं. ते ताटासमोरच बसून राहिले. काहीतरी घोळत होतं डोक्यात.

“का हो, बरं वाटत नाही का?” अनोखीबाई धास्तावल्या.

“तसं नही,” ते म्हणाले. “मेक्सिकोमा आठमले काय खातस?”