मॉरिसची ओटी

आमच्या लालबागच्या चाळीत अवधूत राण्यांना सगळे 'मॉरिसवाले' म्हणतात. त्यांची एकोणीसशे बावन्न सालची मॉरिस गाडी चौतीस वर्षं अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. राणेकाका परळच्या एका गॅरेजात मिस्त्री होते, तिथल्या म्हाताऱ्या पारशी गिऱ्हाइकानं ती त्यांना देऊन टाकलेली. ती चालू काही कधी झाली नाही. अस्सल पार्ट मिळाल्याशिवाय हात लावायचा नाही आणि रंग तर मुळीच बदलायचा नाही, हा काकांचा हट्ट. दर रविवारी मात्र तिला लेकराला न्हाऊ घालावं तशी धुवायचे. मी म्हणायचो, "काका, हिला गंजसुद्धा अस्सल लागलाय!" ते हसायचे नाहीत.

त्यांची बायको बकुळाकाकू त्या गाडीला सवत म्हणायच्या, आणि उगाच नाही. "हिच्यातूनच तुला देवगडला माहेरी नेईन," असा शब्द काकांनी दिलेला. वाट बघता बघता काकूंचे गुडघे गेले. एसटीची पायरी चढवेना. चार वर्षं आईची भेट नाही, आणि नव्वदीची आई फोनवर आवाजही ओळखेनाशी झालेली.

त्यांची नि आमची मधली भिंत एकच, म्हणून ऐकू आलं. यंदा गणपतीनंतर एका दुपारी काकू जेवता जेवता एवढंच म्हणाल्या, "सवत र्‍हवांदे हयसर. पण माका आवशीक बघूचा आसा."

आईला बघायचंय, एवढंच ते मागणं. काका ताटावरून उठल्याचं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन शिवाजी पार्कला शंतनु कर्णिकांकडे गेले. माणूस जुन्या गाड्यांचा वेडा, धंदा वापरलेल्या गाड्यांचा. मॉरिसच्या बदल्यात सात सीटची, उंच, ऐसपैस गाडी ठरली. मुलगा सुशांत, सून, दोन्ही नातवंडं, सगळे मावणार होते, आणि काकूंना पाय लांब करून बसता येणार होतं.

रविवारी सकाळी कर्णिक नवी गाडी घेऊन दारात आले. मॉरिसला न्यायला टेम्पोही आला. काका किल्ली देईनात. "एकदा पुसतो," म्हणत तीनदा पुसली. "काका, द्या आता," म्हटलं तर माझ्यावरच डाफरले.

तेवढ्यात काकू कठड्याला धरत जिना उतरल्या. हातातल्या सुपात नारळ, तांदूळ, खण, हळदकुंकू. काकांना वाटलं, नव्या गाडीची पूजा. "अगो, ती तिकडे," त्यांनी बोट दाखवलं. काकू मॉरिसकडेच वळल्या. बॉनेटला हळदकुंकू लावलं, दार उघडलं आणि सासरी निघालेल्या मुलीची भरावी तशी सीटवर ओटी ठेवली.

"सवतीची ओटी?" काका पुटपुटले.

"इतकी वर्सां तुमी तिका न्हाणलात. सवत कसली, लेक ती तुमची. रिकामी कशी धाडू?"

काका मडगार्डवर डोकं टेकून ढसाढसा रडले. मग किल्ली कर्णिकांच्या हातात ठेवून म्हणाले, "सांभाळा हो. रंग बदलू नका."

आठवड्याभरात सगळे देवगडला गेले. तिथलं काकूंनीच मला सांगितलं. दोन दिवस आई परक्या बाईकडे बघावं तशी बघत होती. निघायच्या वेळी मात्र अंथरुणावरूनच आपल्या सुनेला म्हणाली, "बकुळाची ओटी भर गो. रिकामी धाडू नको."